इलेक्ट्रॉनचं लग्न

इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या गळ्यात माळ घालत नाही, एवढीच गोष्ट मला एका माणसाला पटवून द्यायची होती. आठवीच्या पोरांना ती पटते, परीक्षेत लिहून ती मार्कही घेतात. या माणसाला पटेना. त्यापायी माझी दिवाळीची सुट्टी गेली, घसा बसला, आणि भर मंडईत चारचौघांसमोर मी जे ओरडले ते गावात अजून लोक एकमेकांना नक्कल करून दाखवतात.

मी नाकाडोंगरीकडच्या एका गावात शाळेवर विज्ञान शिकवते. तुमसरहून रोज एस.टी.नं येते. जागा मिळाली तर मॅंगनीजच्या ट्रकांची काळी धूळ बसून खाते, नाही मिळाली तर उभ्यानं. शाळेत पोचेपर्यंत रुमाल काळा झालेला असतो नि डोकं तापलेलं. त्यात पहिलाच तास दहावीचा, आणि दहावीचा पाया असा कच्चा की पुन्हा मुळापासून सुरुवात. द्रव्याचं वर्गीकरण. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. तीनच तर खण आहेत, बाप्पा! पण मिश्रणाचं उदाहरण द्या म्हटलं की चिवडा, आणि संयुगाचं द्या म्हटलं की वांग्याची भाजी. काहून रे? तर म्हणे, भाजीतून वांगं, तेल, तिखट पुन्हा वेगळं निघत नाही, आणि सहज वेगळं होत नाही ते संयुग, असं तुमीच तं सांगितलं. एकानं खाणीच्या रस्त्यावरून काळा गोटा उचलून आणला आणि "हे घ्या मूलद्रव्य" म्हणून माझ्या टेबलावर आदळला. अरे, त्यात मॅंगनीजबरोबर ऑक्सिजन आहे, लोखंड आहे, माती आहे! "पण मॅडम, ट्रकवाले तं मॅंगनीजच म्हणतेत." मी कपाळावर हात मारून घेतला.

या वर्गात एक मुलगी होती. ती उदाहरणं देत नसे, भांडत असे. पितळ हे मिश्रण आहे असं मी शिकवलं, तर ही उभी राहिली. "मॅडम, मी घरून आईचा भात रांधायचा पितळेचा गंज आणून देते. त्यातलं तांबं इकडं अन् जस्त तिकडं करून दाखवा."

"भट्टीत खूप तापवलं तर जस्त उडून जातं," मी म्हटलं.

"मंग आईचा गंज जाईन ना."

अख्खा वर्ग खिदळला. मला रागही आला आणि बरंही वाटलं. वर्षानुवर्षं फळ्यावरचं उतरवून घेणारी पोरं बघून मी कंटाळले होते, आणि इथं एक जण निदान अडवत तरी होती. या मुलीनं अकरावीला सायन्स घेतलंच पाहिजे, हे मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. अडचण अशी की गावातल्या कॉलेजात अकरावी आहे ती फक्त आर्ट्सची. सायन्स पाहिजे तर रोज तुमसरला जावं लागतं, आणि तिच्या वडिलांनी आर्ट्स ठरवून टाकलं होतं.

वडिलांचं गावात किराण्याचं दुकान, तलावाखाली धानाची शेती. पण गाव त्यांना ओळखायचं ते दंडारीमुळं. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, दिवसा मैदानावर दंडार होते आणि रात्री नाटक. दंडार म्हणजे टिपऱ्या घेऊन रिंगणात नाचायचं, मध्येच गाणं, मध्येच सोंग, मध्येच एखादी कथा. या गावच्या दंडारीची ढोलकी त्यांच्याच गळ्यात असायची. कथा तेच रचायचे, सोंगं तेच वाटायचे आणि चुकलेल्याला शिव्याही तेच घालायचे.

मी दुकानात गेले. म्हटलं, भाऊ, पोरगी हुशार आहे, तिला सायन्सला टाका. ते शेंगदाणे मोजत होते. मोजून झाले, पुडी बांधून झाली, मग बोलले. "सायन्स सायन्स करता मॅडम, पण त्यात काय असते ते मले आजवर कोनी समजावून नाही सांगितलं. माह्या पोट्टीले मी रोज एस.टी.नं कायच्या मागं धाडून राहिलो, ते मले माहीत नको का?"

"मी सांगते ना."

"सांगा. एकच गोष्ट सांगा, पन पुरी सांगा. अर्ध्यात नाही सोडायची. मले समजली तं पोट्टी तुमसरले जाईन. नाही समजली तं हे आर्ट्स करंन, अन् तुमी पुन्हा त्या गोष्टीसाठी माह्या दुकानात यायचं नाही. मीठसाखर न्याले या."

"कोणती गोष्ट?"

"तुमाले सोपी वाटंन ती."

मी हुरळले. अणू, मी म्हटलं. अणूची रचना. मधे केंद्र, भोवती इलेक्ट्रॉन, झालं! त्यातच आमच्या हेडमास्तरांनी यंदा मंडईत शाळेची दंडार करायचं कबूल केलं होतं, आणि पोरांना दंडारीचं एकेक पाऊल पाठ असतं. पहिल्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन हे मात्र दोन तासही डोक्यात राहत नाही. तेव्हा अणूचीच दंडार बसवू या, तुम्हीच बसवा, पोरांनाही समजेल आणि तुम्हालाही, असं मीच त्यांना सुचवलं. कुठून बुद्धी झाली देव जाणे.

दुपारी शाळेच्या पटांगणात तालमी सुरू झाल्या. लिथियमचा अणू घेतला, पोरं पुरतात म्हणून. तीन प्रोटॉन मधे, चार न्यूट्रॉन त्यांच्या सोबतीला, दोन इलेक्ट्रॉन आतल्या रिंगणात आणि एक एकटा बाहेरच्या रिंगणात. ती एकटी बाहेरची म्हणजे त्यांची मुलगी. न्यूट्रॉन व्हायला कोणी तयार होईना. "मले काहून न्यूट्रॉन?" म्हणून एकानं चक्क रडून दाखवलं. वडील म्हणाले, "बराबर आहे त्याचं. ना डायलॉग, ना नाच, प्रभार नाही म्हणता. हे चार बिनकामाचे कायले उभे केले?" मी सांगितलं की ते नसले तर मधले प्रोटॉन एकमेकांना ढकलून देतील. ते ऐकून त्यांनी चौघांच्या हाती दोर दिला आणि प्रोटॉनना बांधून टाकायला सांगितलं. चला, म्हटलं, काही तरी शिरतंय.

मग मी आणखी शहाणपणा केला. अणू जवळजवळ सगळा रिकामा असतो, हे सांगून बसले. म्हटलं, हरभऱ्याचा एक दाणा चावडीत ठेवला आणि तो केंद्रक धरला, तर इलेक्ट्रॉन पार गावाबाहेर फिरेल, तिकडं तलावाच्या पाळीवर. भाऊंनी ढोलकी खाली ठेवली. "पाळीवर?"

"हो. मधे काहीच नाही."

"मंग पोट्टीले पाळीवर नाचवू का? पब्लिक पाहीन कोनाले?"

अहो, हे समजावून सांगण्यापुरतं! पण त्यांच्या डोक्यात पाळ बसली ती बसली. एवढ्या लांबून प्रोटॉनला तिची ओढ कशी लागते, हे त्यांनी मला दोन दिवस विचारलं. मी सांगितलं, त्याचा प्रभार धन, हिचा ऋण, विरुद्ध प्रभार एकमेकांना खेचतात. आणि तिथंच सगळं बिघडलं.

"खेचतेत?" त्यांचे डोळे चमकले. "हे आधी काहून नाही सांगितलं जी? मंग कथा सापडली ना! हा तिले खेचून राहिला, हे त्याले खेचून राहिली. मधी एवढं मोठं रिकामं रान. शेवटी दोघं भेटतेत अन् लगीन लागते. पब्लिकच्या हाती अक्षता द्यायच्या."

"भेटत नाहीत, भाऊ."

"काहून?"

"ती फिरत राहते."

"फिरत राहते ते समजलं. शेवटाचं सांगा."

"शेवट नाही. ती फिरतच राहते."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं जणू मी त्यांच्या दुकानातून खोट्या नोटेवर तेल नेलं होतं. "मॅडम, ओढ आहे म्हणता, अन् भेट नाही म्हणता. असी दंडार मी जन्मात नाही केली. एक तं ओढ खोटी, नाही तं तुमची गोष्ट अर्धी."

आता आली का पंचाईत! अर्धी म्हणजे अट मोडली, आणि अट मोडली म्हणजे पोरगी आर्ट्सला. मी कंबर कसली. पाखरं हाकलायची गोफण त्यांच्याच शेतातून मागवली आणि गरगर फिरवून दाखवली. दोर गोट्याला आत ओढतो, तरी गोटा हातावर येऊन पडतो का? नाही ना? तसंच हे. त्यांनी माझ्या हाताला हात लावून गोफण थांबवली. गोटा धपकन खाली पडला, माझ्या पायाजवळ. "हात थांबला का गोटा पडते. तेथी कोनाचा हात आहे?"

कोणाचाच नाही! मी चंद्राकडं गेले. चंद्राला कोण फिरवतं? पृथ्वी खेचतेच आहे ना त्याला? पडतो का तो? हे मात्र त्यांना पटलं. ढोलकीवर बोटं वाजवली आणि म्हणाले, "हौ. चंद्राचं खरं आहे. चंद्र नाही पडत." मला वाटलं जिंकले. घरी जाताना बसमध्ये उभी होते तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुस्तक घेऊन समोर उभी. "मॅडम, चंद्राचं नाही चालत. चंद्राले प्रभार नाही. येथी लिहिलं आहे, प्रभार असलेली वस्तू गोल फिरली तं तिची ऊर्जा जात राहते. मंग इलेक्ट्रॉन हळूहळू आत येऊन पडलाच पाहिजे ना?"

आणि हे ती वडिलांसमोर बोलली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अगं बाई, मी तुझ्यासाठी इथं रक्त आटवून राहिले, आणि तू माझाच पाय ओढतेस? मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तुला तुमसरला जायचं आहे का नाही?"

"जायचं आहे ना."

"मग थोडं गप्प बसता येत नाही?"

"पन मॅडम," ती कसनुशी झाली, "मले खरंच नाही समजलं ते."

मी परत जाऊन भाऊंना पुढचं सांगितलं. शास्त्रज्ञांनाही हीच अडचण आली होती, मग एकानं सांगितलं की इलेक्ट्रॉनच्या कक्षा ठरलेल्या असतात आणि त्या कक्षेत असेपर्यंत त्याची ऊर्जा जात नाही.

"काहून जात नाही?"

"तो नियम आहे."

"कोनं केला?"

"कोणी केला नाही, तसं आहेच."

"हे तं आमच्या दंडारीतला राजा सांगते तसं झालं. मी म्हणतो म्हून आहे." ते हसले नाहीत. "मॅडम, मी तुमाले फसवून नाही राहिलो. माह्या मनात नाही बसून राहिलं. बसलं असतं तं म्हटलं असतं."

हेच जास्त लागलं. माणूस आडमुठा असता तर मी भांडले असते. हा मन लावून ऐकत होता, आणि माझ्याजवळचं संपलं होतं. पुढचं उत्तर गणितात आहे. ते गणित मी बी.एस्सी.ला घोकलं, पेपरात ओकलं आणि विसरले. समजलं तेव्हाही नव्हतं. पण हे सांगायचं कसं? मास्तरणीलाच समजलं नाही म्हटलं तर सायन्सची अब्रू गेली आणि मुलीचं कॉलेजही गेलं. म्हणून मी रोज नवी गोष्ट रचायची. रहाटपाळणा झाला, लट्टू झाला, मळणीच्या खांबाभोवती फिरणारे बैल झाले. रोज ते मन लावून ऐकायचे आणि रोज शेवटी तेच. काहून? त्या शब्दाचा मला असा राग येऊ लागला की तालमीत एखाद्या पोरानं काहून म्हटलं तरी मी डाफरायची.

मंडईचा दिवस उजाडला. मैदान भरलं होतं. मी पोरांच्या छातीवर अधिक-उणेच्या चिठ्ठ्या लावत होते, तोवर पाहते तो एक बाई परातीतून लोकांना पिवळे तांदूळ वाटत चालली आहे. अक्षता! आणि मधल्या प्रोटॉनच्या, म्हणजे आठवीतल्या एका गुबगुबीत मुलाच्या कपाळाला मुंडावळ्या. मी धावत भाऊंकडं गेले. "हे काय चालवलंय?"

"शेवट पाहिजे ना मॅडम. पब्लिक बिनाशेवटाचं उठत नाही." आणि त्यांनी ढोलकीवर थाप मारली.

दंडार रंगली, ते कबूल करते. चार न्यूट्रॉननी दोर असा आवळला की एक प्रोटॉन कळवळला, त्यावर टाळ्या पडल्या. बाहेरच्या रिंगणातली ती मुलगी टिपऱ्या वाजवत एकटी फिरत होती, गाणं म्हणत होती. मग ढोलकीचा ठेका बदलला. लग्नाचा ठेका. दोन पोरांनी अंतरपाट धरला. लोकांनी मुठी वर केल्या. ठरल्याप्रमाणं आता तिनं रिंगण सोडून आत यायचं होतं.

ती आली नाही. एक फेरा झाला, दुसरा झाला, अंतरपाटासमोरून ती तशीच निघून गेली. भाऊंनी ठेका वाढवला, तिनं पाय वाढवले. लोक ओरडायला लागले. "थांब वं पोट्टे, नवरदेव वाट पाहून राहिला!" भाऊंनी शेवटी ढोलकीच थांबवली. ढोलकी थांबली की दंडार थांबते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ती मात्र ढोलकीशिवाय फिरत राहिली. नुसत्या टिपऱ्यांचा आवाज, आणि तिला लागलेली धाप.

"काय करून राहिली वं?" भाऊ माइकवरच बोलले.

"नाही पडत बाबा इलेक्ट्रॉन."

"काहून नाही पडत?"

"मले नाही माहीत! पन नाही पडत." ती रडकुंडीला आली होती, तरी फिरत होती.

भाऊंनी मान वळवली आणि सगळ्या मैदानासमोर माइक माझ्याकडं केला. "सांगा मॅडम. काहून?"

मला तेवढ्यात गोफण आठवली, चंद्र आठवला, बैल आठवले. एकही तोंडावर येईना. इतक्या दिवसांचा सगळा राग एकदम वर आला, आणि मी माइक ओढून ओरडले, "नाही माहीत मले! समजलं तुमाले? मले बी नाही माहीत!"

मग मागून कोणी तरी, आता काय करावं हे न सुचून, मूठभर अक्षता फेकल्या. त्यामागोमाग सगळ्यांनीच फेकल्या. तांदूळ त्या मुलीच्या केसांवर पडले, ती थांबली आणि मटकन खाली बसली. मुंडावळ्यावाला प्रोटॉन तिला पाणी द्यायला धावला, तर न्यूट्रॉननी दोर सोडलेलाच नव्हता. लोकांना वाटलं हाच शेवट. खूप हसले बिचारे.

मी पर्स उचलली आणि बसथांब्यावर येऊन उभी राहिले. ऊन उतरलं होतं. झालं ते झालं, पण पोरीचं नुकसान झालं, आणि ते मी केलं, याचा राग मला आवरत नव्हता. काय बिघडलं असतं गं, दोन पावलं आत गेली असतीस तर! बाप खूश झाला असता, मी कधी तरी पटवलं असतं. मी एकटीच पुटपुटत होते.

भाऊ आले. ढोलकी गळ्यातच होती, खांद्यावर तांदळाचे दाणे. रस्त्याकडं बघत माझ्या शेजारी उभे राहिले.

"तुमाले खरंच नाही माहीत?"

"नाही."

"हेडमास्तरले?"

"त्यांनाही नाही."

"तुमसरच्या कॉलेजात?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. "तिथंही पुरं सांगतील असं नाही. त्याच्या पुढं भंडारा आहे, नागपूर आहे. पुढं कुणाला तरी माहीत असेल. शिकत गेलं की कळतं म्हणतात."

वळणावर बस दिसली. मी पदर खोचला, पर्स काखेत धरली. भाऊंनी हात करून बस थांबवली आणि मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा म्हणाले, "मंग हे पोट्टी येथीच बसून राहिली तं मले कोन सांगंन जी?"

मी वळून पाहिलं. ते खांद्यावरचे तांदूळ झटकत होते.

"पास कोठी काढतेत, तेवढं कंडक्टरले विचारून ठेवजा," ते म्हणाले.